नाशिकच्या गारठ्यात नाजूक झाडं: पहिल्या हिवाळ्याची तयारी

नाशिकला नव्यानं राहायला आलेली माणसं एक गोष्ट हमखास करतात. माहेरी, आजोळी, कोकणात जाऊन येताना गाडीच्या डिकीत झाडं भरून आणतात. जून-जुलैत ती अशी फोफावतात की पाहुण्यांना हात धरून दाखवावीशी वाटतात. मग डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी दार उघडावं तर पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबलेली.

माझ्याही बाबतीत हेच झालं. गुहागरहून आईच्या परसातली हेलिकोनिया आणि नागवेल आणली होती. संध्याकाळी पानं जराशी मलूल दिसली म्हणून बादलीभर पाणी घातलं, वरून प्लास्टिकचा कागद पांघरला आणि निर्धास्त झोपले. सकाळी कागदाला जिथं जिथं पान चिकटलं होतं, तिथं तिथं काळा, ओलसर डाग पडला होता. दुपारपर्यंत अख्खी वेल खाली आली. निफाडकडे द्राक्षबाग असलेले आमचे चुलतसासरे तेव्हा घरी आले होते. त्यांनी कुंडीत बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, झाड नुसत्या थंडीनं नाही मरत. पायाशी ओल आन् डोक्यावर गारठा, दोन्ही एकदम आलं की मरतं." त्यानंतरच्या हिवाळ्यांत मी जे काही शिकले ते या एका वाक्याच्या आधारानं शिकले. पुढची सगळी कामंही त्याच क्रमानं सांगते: आधी पाय कोरडे ठेवायचे, मग डोकं झाकायचं.

आधी आपल्या अंगणाची थंडी मोजा

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि कोकणासारखी समुद्राची ऊब इथं नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान सहज १० अंशांच्या आसपास येतं, कडाक्याच्या दिवसांत बरंच खाली जातं. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा १.८ अंशांवर उतरला होता. शहरातली जुनी नोंद तर ७ जानेवारी १९४५ ची, ०.६ अंशांची आहे. अशा रात्री दरवर्षी येत नाहीत. पण नागवेलीला किंवा अँथुरियमला गोठणबिंदूची गरजच नसते. उष्ण कटिबंधातल्या, दमट रानात वाढलेल्या झाडांच्या पेशी १०-१२ अंशांखालीच बिघडायला लागतात. दहिवर गोठलेलं दिसलं नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

पेपरात येणारा आकडा तुमच्या गच्चीचा नसतो. तो माणसाच्या उंचीला, सावलीच्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचा असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या आकाशाखालचं पान आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी गार होतं. ढगाळ रात्री झाडं सुखात असतात ती म्हणूनच. दुसरी गोष्ट, गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते. गोदावरी, नंदिनी, वालदेवीच्या काठच्या सखल वस्त्यांत, मखमलाबाद-आडगावकडच्या उघड्या मळ्यांत आणि कुंपणभिंतीच्या आतल्या खोलगट कोपऱ्यात ती साचून राहते. माझी हेलिकोनिया नेमकी अशाच कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागं होती.

म्हणून पहिलं काम: रात्रीत नोंदवलेलं सर्वांत कमी आणि दिवसातलं सर्वांत जास्त तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतो. दिवाळीनंतर आठवडाभर तो रोज वेगळ्या जागी ठेवा. उघड्या गच्चीवर, आंब्याखाली, दक्षिणेच्या भिंतीशी, पोर्चमध्ये, जिन्याखाली. सकाळी वहीत आकडा लिहा आणि त्याशेजारी शहराचा त्या दिवसाचा आकडाही लिहा, म्हणजे तुलना करता येते. माझ्या घरी उघडी गच्ची आणि पोर्च यांत तीन अंशांचा फरक निघाला. तीन अंश म्हणजे कॅलाथियासारखं नाजूक शोभेचं झाड जगणं आणि मरणं यातलं अंतर.

कुठली झाडं आणायची

नर्सरीत सगळीच झाडं तजेलदार दिसतात. तिथं शेडनेट असते, फवारे असतात, दमटपणा असतो. आपल्याकडे येणारी पुष्कळ शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमसारख्या उबदार भागातून ट्रकनं येतात. त्यांनी नाशिकचा हिवाळा पाहिलेलाच नसतो. मी मनाशी झाडांचे तीन गट केले आहेत.

पहिला गट झोपी जाणाऱ्यांचा. सोनटक्का, भुईचाफा, कळलावी, हळद, कॅलेडियम. यांचा पाला थंडीच्या आगेमागे पिवळा पडतो, सुकतो, आणि कंद जमिनीत निजून राहतो. चाफा आणि अडेनियम पानं गाळून नुसते खोडानं उभे राहतात. नवखा माणूस इथं सर्वांत मोठी चूक करतो: झाड मेलं असं वाटून पाणी वाढवतो. झोपलेला कंद पाणी पीत नाही, पाण्यात कुजतो. पाला सुकला की पाणी बंद. कॅलेडियमचे कंद तर मी उकरून काढते, सावलीत वाळवते आणि कोरड्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, घालून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं याच गटापासून करावी असं माझं ठाम मत आहे. यांना हिवाळ्यात तुमच्याकडून काहीच नको असतं, फक्त तुम्ही हात आवरायला हवा.

दुसरा गट कुरकुरणाऱ्यांचा. कढीपत्ता, जास्वंद, केळ, हेलिकोनिया, क्रोटन, मॉन्स्टेरा. पानं पिवळी पडतील, गळतील, वाढ थांबेल, पण बूड जिवंत राहील. केळीची पानं करपली तरी खालचा कंद शाबूत असतो. कढीपत्ता तर हिवाळ्यात आमटीपुरताही पाला देत नाही आणि फाल्गुनात एकदम अंगावर पालवी घेतो. यांना जागा बरी दिली की काम भागतं.

तिसरा गट जीव सोडणाऱ्यांचा. अँथुरियम, अ‍ॅग्लोनिमा, कॅलाथिया, फॅलेनॉप्सिस ऑर्किड, आणि कुंडीतली नागवेल. यांना रात्री १५ अंशांच्या वर ठेवता आलं तर उत्तम. पहिल्या वर्षी यातलं एकच झाड घ्या. जायफळ आणि कोको नाशिकला लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. मी दोन रोपं घालवून हे सांगते आहे. हिवाळा कसाबसा निभावला तरी एप्रिलातला कोरडा फुफाटा त्यांना उभं राहू देत नाही.

उलट काही परदेशी झाडं आपल्या हवेत खुलतात. बर्ड ऑफ पॅराडाइज मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, नाशिकच्या थंडीला ते भीक घालत नाही. पॉइनसेटियाला तर लांब रात्रीच हव्या असतात. चौदा तासांचा सलग अंधार मिळाला की पानं लाल होतात. मात्र ते रस्त्याच्या दिव्याखाली ठेवलं तर हिरवंच राहतं, आणि फार गारठ्यात पानंही टाकतं, म्हणून अंधारी पण आडोशाची जागा द्या.

खरेदी आषाढात, दसऱ्यानंतर नाही

पाऊस स्थिरावला की आणा. झाडाला मुळं पसरायला चार महिने मिळतात आणि जमलेल्या मुळांवर ते थंडी सोसतं. दसऱ्या-दिवाळीला नर्सऱ्या भरलेल्या असतात आणि मोह होतो. नाजूक झाडांच्या बाबतीत तो आवरा. नोव्हेंबरात आणलेलं अँथुरियम म्हणजे ऊबदार खोलीतून थेट उघड्यावर काढलेलं तान्हं मूल.

आणल्यावर आठ दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग नेहमीची जागा. एवढं केलं तरी पानं कमी गळतात.

माती आणि कुंडी

आपली काळी माती द्राक्षाला, कांद्याला सोनं आहे. कुंडीतल्या नाजूक झाडाला ती थंडीत मारक ठरते, कारण ती पाणी धरून बसते आणि ओली माती दिवसभराच्या उन्हातही सहज गरम होत नाही. मी मिश्रण असं करते: दोन घमेली कोकोपीट, एक घमेलं चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं भाताचं तूस किंवा विटांचा चुरा, आणि अर्धं घमेलं काळी माती. बुडाशी खापऱ्या. पाणी ओतल्यावर मिनिटभरात खालून निथळलं पाहिजे. कुंडीखाली दोन विटा ठेवा, थेट फरशीवर टेकवू नका. छिद्र बंद होतं आणि गच्चीची फरशी रात्री बर्फासारखी होते.

मातीची कुंडी की प्लास्टिकची, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं ते आठवा. भिंतीतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, आतली उष्णता जाते. मातीच्या कुंडीत मुळांचंही तेच होतं. मे महिन्यात हे वरदान आहे, जानेवारीत नाही. चाफा-अडेनियमसारख्या कोरड्या झाडांना मातीची कुंडी चालते, कारण त्यांना पाणीच द्यायचं नसतं. तिसऱ्या गटातल्या झाडांसाठी मी प्लास्टिकची कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवते आणि मधल्या फटीत कोरडं पाचट ठासते. कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गारवा लागतो, जमिनीतल्यांना लागत नाही. हे दोन बोटांचं पाचट तो बराच अडवतं.

सणावारी कामं

तारखांपेक्षा सण लक्षात राहतात, म्हणून तसंच सांगते.

घट बसले की नत्र बंद. युरिया नाही, जीवामृत नाही, पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत नाही. आता फुटलेली कोवळी पालवी डिसेंबरात सर्वांत आधी करपते. जुनी, जून पानं थंडी सोसतात. छाटणीही याच्यानंतर करायची नाही, छाटणी म्हणजे नव्या फुटव्याला आमंत्रण.

कोजागरीच्या सुमारास कुंड्या हलवा. दक्षिण किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सर्वांत चांगली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. भिंतीपासून हातभर अंतरात कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, नाजूक मध्ये आणि दणकट कडेला. पूर्वेच्या कोवळ्या उन्हाचं कौतुक आपल्याकडे फार आहे, पण थंडीच्या लाटेत त्याचा त्रास होतो. ऊन लागताच पान पाणी उडवायला लागतं आणि कुंडीतली गारठलेली मुळं वर पाणी चढवू शकत नाहीत. झाड ओल्या मातीत उभं राहून कोमेजतं.

दिवाळीनंतर पाण्याची सवय बदला. हे या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. रोज पाणी हा नियम विसरा. कुंडी दोन्ही हातांनी उचलून पहा. पाणी घातल्याच्या दिवशी एकदा उचला आणि ते वजन हाताला लक्षात ठेवा. पुन्हा उचलल्यावर ती अर्ध्याइतकी हलकी वाटली तरच पाणी. उचलता येत नसेल तर तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. बोटाला माती चिकटून आली तर आज पाणी नाही. माझ्याकडे जूनमध्ये रोज पाणी पिणारं अँथुरियम जानेवारीत आठवड्यातून एकदा पितं. पाणी सकाळी दहा ते बाराच्या मधे द्या. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी हाताला झोंबतं, ते तसंच मुळांवर ओतू नका, बादलीत काढून उन्हात ठेवा. बोअरचं ताजं उपसलेलं पाणी कोमट असतं, ते चालतं. द्राक्षबागायतदार कडाक्याच्या पहाटे पाणी सोडतात ते याच उबेसाठी. पण बागेतली जमीन आणि आपली कुंडी यांत फरक आहे, त्यांचं पाहून रात्री कुंड्यांना पाणी घालू नका. पानांवर फवारा तर संध्याकाळी अजिबात नको.

घरात आणलेल्या झाडांनाही हेच लागू. शिवाय खिडकीच्या काचेला पान टेकू देऊ नका, आणि रात्री पडदा झाड आणि काच यांच्या मधून ओढा. झाड पडद्याबाहेर काचेशी राहिलं तर ते घरात असून नसल्यासारखंच.

कडाक्याची रात्र

उत्तरेकडून गार वारे सुरू झाले, आकाश स्वच्छ झालं आणि दुपारी सावलीत बसल्यावर अंगावर काटा यायला लागला की समजा, दोन-तीन दिवसांत पारा घसरणार. त्या संध्याकाळी काय करायचं ते सांगते.

सूर्य मावळायच्या आत झाका, नंतर नाही. जमिनीत आणि भिंतीत साठलेली दिवसाची ऊब आत अडकवायची असते, काळोख पडेपर्यंत ती निघून गेलेली असते. कापड कुठलं? कलिंगडवाले शेतकरी वापरतात ते पांढरं, न विणलेलं क्रॉप कव्हर सर्वांत चांगलं. हलकं असतं, हवा खेळते, आत थेंब साचत नाहीत. कृषी सेवा केंद्रात मीटरवर मिळतं. ते नसेल तर जुनी सुती साडी किंवा गोणपाट. नऊवारी मिळाली तर चार कुंड्या एकीत मावतात.

कापड पानाला टेकता कामा नये, ही खरी मेख. चार बांबू किंवा वेताच्या काठ्या कुंड्यांभोवती रोवा, वरून दोरी फिरवा, आणि त्यावर कापड टाकून थेट जमिनीपर्यंत सोडा. कडा विटांनी दाबा. खालून उघडं राहिलेलं पांघरूण हे छत्रीसारखं असतं, ऊब खालून निसटते. प्लास्टिकच वापरायचं झालं तर ते कापडाच्या वरून घाला. नुसत्या प्लास्टिकच्या आत ओल साचते आणि थंडी कागदातून थेट पानाला लागते. माझ्या नागवेलीचं तेच झालं.

जागा असेल तर पांघरुणाच्या आत पाण्यानं भरलेली काळी टाकी किंवा डबे ठेवा. दिवसा उघडे ठेवून उन्हात तापू द्या. पाणी गार होताना ऊब सोडतं. २०० लिटरची टाकी पाच अंशांनी गार झाली तर हजार किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. पहाटे चार ते सूर्योदय हा सर्वांत गार वेळ, तेव्हाच ती उपयोगी पडते. कोंबडीच्या पिलांसाठी लावतात तसा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आत लावणारे लोक आहेत. तो ऊब देतो, एलईडी देत नाही. पण ओलाव्यात वायर आणि बल्बला टेकलेलं कापड, दोन्ही जिवावर बेततात. मी लावत नाही.

शेकोटीचंही तसंच. निफाड-दिंडोरीच्या बागांत शेतकरी बांधाबांधांवर शेकोट्या पेटवतात, एकरांच्या हिशेबानं. झाडांना उपयोग होतो तो आगीच्या धगीचा, धुराचा फार नाही. सोसायटीच्या गच्चीवर ओला पाला जाळून शेजाऱ्यांना खोकवण्यात अर्थ नाही.

सकाळी नऊ-साडेनऊला, ऊन अंगाला लागायला लागलं की पांघरूण काढा. दिवसभर झाकून ठेवलं तर भुरी आणि बुरशी येते, शिवाय भिंत तापत नाही आणि पुढच्या रात्रीची शिदोरी जमत नाही.

पानं काळी पडलीच तर

घाबरू नका आणि कात्री उचलू नका. करपलेली पानं दिसायला वाईट असली तरी खालच्या डोळ्यांवर ती पांघरुणाचं काम करतात. खत नको, पाणी नको, कुंडी बदलणं नको. फक्त बुळबुळीत, वास येणारं पान असेल तर तेवढंच काढा, कुज खोडाकडे सरकते.

दहा-बारा दिवसांनी खोडावर नखानं हलकासा ओरखडा काढा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर तो भाग जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर एक पेर खाली जाऊन पुन्हा पहा. वरून खाली असं करत जा, हिरवं जिथं लागेल तिथं सुतळी बांधून ठेवा. छाटणी नंतर तिथंच करायची. माझ्या हेलिकोनियाचं जमिनीवरचं सगळं तपकिरी निघालं होतं. मी कुंडी रिकामी करायला घेतली, तेव्हा त्याच चुलतसासऱ्यांनी हात धरला. मातीत चार बोटं खाली कंद टणक होता, दाबला तर दबत नव्हता. कुजलेला कंद बोटानं दाबताच बसतो आणि आंबूस वास येतो. टणक असेल तर थांबा.

शिवरात्रीनंतर

शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात, आणि नाशिकमध्ये बहुतेक वर्षी ते खरं ठरतं. तरी पांघरूण लगेच माळ्यावर टाकू नका, फेब्रुवारीत एखादी लाट परत फिरते. होळीनंतर सुतळी बांधली होती तिथून छाटा. झोपलेल्या कंदांना पहिलं पाणी पेलाभरच द्या आणि कोंब दिसेपर्यंत वाढवू नका. खत कोंब वीतभर झाल्यावर. कुंडी बदलायची तर हीच वेळ.

माझ्या हेलिकोनियाला त्या वर्षी रंगपंचमीनंतर, गुंडाळलेल्या छत्रीसारखा एक कोंब आला. नागवेल मात्र आली नाही. नवी वेल मी पुढच्या आषाढात आणली आणि यावेळी ती पोर्चमधल्या पश्चिमेच्या भिंतीशी लावली.

गुढीपाडव्यापर्यंत ऊन चढतं. हिवाळ्यासाठी भिंतीशी खेटून ठेवलेल्या कुंड्या तेव्हा तिथून हलवा, कारण तीच भिंत आता भट्टी होते. बांबूचा सांगाडा तसाच राहू द्या, क्रॉप कव्हर धुऊन घडी घालून ठेवा आणि त्याच सांगाड्यावर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणा.